घायपाताची पहिली धार

माणसाला एखादा छंद असावा असं मला त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, आणि तेही ऑफिसच्या एका फॉर्ममुळे. आमच्या बायोटेक कंपनीत नवी टीम झाली की प्रत्येकाने स्वतःबद्दल चार ओळी लिहून पाठवायच्या असतात. नाव, गाव, काम आणि शेवटी हॉबी. माझ्या शेजारी बसणारी बाई बर्फाचे डोंगर चढते. मॅनेजर मधमाश्या पाळतो. मी पाऊण तास विचार करून 'रीडिंग' असं लिहिलं (त्या वर्षी मी अथपासून इतिपर्यंत वाचलेली एकमेव गोष्ट डिशवॉशरचं मॅन्युअल होती) आणि मला स्वतःची कीव आली.

त्याच शनिवारी शेजारच्या कृष्णाबरोबर मी वुडिनव्हिलला एका डिस्टिलरीची टूर करायला गेलो. आम्ही राहतो बॉथेलला, तिथून हे दहा मिनिटांवर. कृष्णा हैदराबादचा, माझ्याच वयाचा. त्याची बायको त्या वेळी आईकडे भारतात गेली होती, त्यामुळे तो कुठेही यायला तयार असायचा. त्या डिस्टिलरीत मी तांब्याचं ते भांडं पाहिलं. खाली बंबासारखं पोट, वर बगळ्यासारखी मान, आणि टोकाला एक तोटी, तिच्यातून एकेक थेंब पडत होता. टूर देणारी मुलगी म्हणाली, या कामाला हुशारी लागत नाही, फक्त चिकाटी आणि काटेकोरपणा लागतो. मला वाटलं ती माझ्याकडे बघूनच बोलतेय. मी क्वालिटी अॅश्युरन्समध्ये आहे. दुसऱ्यांनी भरलेल्या कागदांमध्ये कुणाची सही राहिली, कुणी वेळ चुकीची लिहिली, हे शोधणं यातच माझी बावीस वर्षं गेली आहेत. परतीच्या वाटेवर कारमध्येच माझं ठरलं.

कायदा मी नीट वाचला, ते खोटं सांगणार नाही. घरी बिअर करा, वाइन करा, चालतं. लायसन्सशिवाय दारू गाळणं मात्र इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा. पण नुसतं भांडं विकत घेणं हा काही गुन्हा नव्हे. या दोन वाक्यांच्या मध्ये मी आठवडाभर उभा राहिलो आणि मग भांडं मागवलं. पद्मिनीला सांगितलं की घरी गुलाबपाणी करणार आहे. तिने भांड्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि आपल्याकडे गुलाब कुठे आहेत एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मी गुलाबाची दोन झाडं आणून लावली. एक खोटं उभं करायला किती खणावं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. दिगंबरराव, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. चौतीस वर्षं राज्य उत्पादन शुल्क खात्यात होते. वर्धा आणि चंद्रपूरकडच्या नाल्यांमध्ये, झुडपांमध्ये शिरून हातभट्ट्या पकडायच्या, मडकी फोडायची, आंबवलेलं रसायन ओतून द्यायचं, हे त्यांचं आयुष्य. जानेवारीत माझ्या सासूबाई, लताताई, गेल्या. बावीस दिवस हॉस्पिटलात होत्या आणि अण्णा बावीस दिवस बाहेरच्या बाकावर होते. एप्रिलमध्ये पद्मिनी नागपूरला जाऊन त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आली.

असा माणूस घरात आल्यावर कुठल्याही शहाण्या जावयाने ते तांब्याचं भांडं परत पाठवलं असतं. पण अण्णा कशाकडे बघतच नव्हते. सकाळी शाल गुंडाळून घरामागच्या लाकडी डेकवर बसायचे आणि ओल्या फरच्या झाडांकडे बघत राहायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे, नाही विचारलं तर नाही. पद्मिनी त्यांच्यासाठी रोज नवीन काही करायची आणि ते अर्धी पोळी खाऊन उठायचे. एकदा ती सिंकचा नळ मोठा सोडून उभी होती. भांडी घासत नव्हती, नुसतीच उभी होती. अण्णा गॅरेजमध्ये एकदाही आले नाहीत, आणि ही मी माझ्यासाठी सोय समजलो. त्याचा मला आज अभिमान वाटत नाही.

व्हिस्कीला धान्य शिजवावं लागतं, त्याचा घरभर वास सुटतो. म्हणून मी अगावेवर आलो. टकीला ज्यापासून करतात तो अगावे, म्हणजे आपला घायपातच की. आमच्या गावाकडे शेताच्या बांधावर उगवायचा, त्याच्या पातीचे दोर वळायचे. ज्याने बैल बांधायचे ते पिताही येतं, हे वाचून मी थक्क झालो. त्याचं सिरप आमच्या होलसेलच्या दुकानात मोठ्या बाटल्यांतून मिळतं. इतक्या बाटल्या कशाला, असं पद्मिनीने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या चहाला, साखरेपेक्षा बरं. ती बिचारी दोन आठवडे तो चहा प्यायली.

सिरप उकळत्या पाण्यात विरघळवलं, प्लास्टिकच्या पिंपात ओतलं, यीस्ट घातलं, झाकण लावलं आणि पिंप ख्रिसमसच्या खोक्यांमागे दोन आठवडे ठेवून दिलं. वही केली. तारीख, वेळ, माझी सही. शेजारी 'तपासले' असा रकाना होता, तिथेही माझीच सही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी पद्मिनी अण्णांना आणि आमच्या अनिकाला घेऊन देवळात गेली. अनिका लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वीकेंडला घरी येते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी कृष्णाला बोलावलं, पिंपातलं थोडं भांड्यात ओतलं आणि खाली विजेची शेगडी लावली. तासाभराने तोटीतून पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार लागली. आम्ही दोघं खाली वाकून बघत होतो. वाफेने दोघांचे चष्मे धुरकटले, ते काढून टेबलावर ठेवले, आणि तशाच अवस्थेत स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये ती धार धरली.

पहिल्या वाटीला कृष्णा म्हणाला, धुराची चव आहे. मला ओल्या मातीसारखी वाटली. दुसऱ्या वाटीला त्याला लिंबाची साल जाणवली. मी म्हटलं, हो, पण मागाहून. मग आम्ही चष्मे पुसून लावले आणि एकमेकांकडे पाहिलं.

"कृष्णा," मी हळूच म्हटलं, "तुझे दो-दो दिख रहे हैं क्या?"

"दो नहीं," तो म्हणाला, "लेकिन तू ज़रा हिल रहा है."

शेल्फवरच्या डब्यांची नावं पुसट झाली होती. गॅरेजची फरशी दाराकडे उतरत गेल्यासारखी दिसत होती. मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. आपण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू, आणि ती चढते. कृष्णा आमच्या लॉनवरून पाय चाचपत, मेलबॉक्सला धरून थोडा थांबत घरी गेला. मी भांडं धुवून, झाकून, देवळातली मंडळी यायच्या आत बेडवर पडलो. डोकं दुखतंय म्हटलं. आणि ते खरंच दुखत होतं. पद्मिनीने कपाळाला बाम लावला आणि जेवणाचं ताट खोलीत आणून दिलं.

रविवारी सकाळी उठलो, चष्मा लावला, आणि सगळं तसंच पुसट. आधी मला थोडा अभिमानच वाटला. घड्याळाचे काटे दिसत नव्हते. चष्मा काढून पाहिलं, तरी नाही, पण माझे डोळे तसेही चष्म्याशिवाय कामाचे नाहीत. तोंड धुतलं, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात कृष्णाचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "श्रीरंग, मुझे ठीक से दिख नहीं रहा, यार."

वाईट गाळलेल्या दारूने आधी डोळे जातात, हे मी वाचलं होतं. कायद्याचं पान वाचताना खालीच ते पान होतं. मी पलंगावर बसून राहिलो. अनिकाचं शिक्षण व्हायचं होतं, पद्मिनीचे वडील खाली बसले होते, आणि मी एका फॉर्मवरच्या रिकाम्या ओळीसाठी स्वतःचे आणि शेजाऱ्याचे डोळे घालवून बसलो होतो. जिना उतरताना मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

खाली तिघं नाश्ता करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गुलाबपाणी नाही, दारू. काल. कृष्णाने पण. दिसत नाही.

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, हात धुतला, आणि इकडे आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "उरलीय का?"

मी हो म्हटलं.

"बाटली आणा. कुणी तोंडाला लावायची नाही. पद्मे, गाडी काढ."

हा आवाज मी ऐकला नव्हता. हा खात्यातला असणार. पाच मिनिटांत आम्ही निघालो. पद्मिनी गाडी चालवत होती, अनिका पुढे, मागे मी आणि कृष्णा, मध्ये अण्णा. त्यांच्या मांडीवर किचन टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली. चारशेपाच नंबरच्या हायवेवर आल्यावर अनिका मागे वळली.

"बाबा, आय जस्ट वाँट टू बी क्लिअर. यू मेड मूनशाइन?"

"हातभट्टी नाही, टकीला," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट बेटर."

हॉस्पिटलमध्ये नर्सला मी सगळं खरं सांगितलं. काय प्यायलो, किती, कशातून. वाटीचा आकार हाताने दाखवला. तिने न हसता टाइप केलं. दोघांचं रक्त घेतलं आणि बाहेर बसायला सांगितलं. कृष्णा डोळे मिटून बसला होता, ओठांतल्या ओठांत काही म्हणत होता. बायकोला कळवू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाला, आधी कळू दे किती गेले आहेत.

अण्णा माझ्या शेजारी बसले होते. मग कुणी काही न विचारता बोलायला लागले. नोकरीची सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. एका गावात लग्न होतं. त्यासाठी कुणीतरी घाईने, कसलं तरी रसायन मिसळून दारू केली. दुसऱ्या दिवशी अठरा माणसं तालुक्याच्या दवाखान्यात. पलंग पुरले नाहीत म्हणून व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. अण्णा जबाब घ्यायला गेले होते. एक तरुण माणूस होता, नवरदेवाचा थोरला भाऊ. त्याने अण्णांचा हात धरला.

"मला म्हणाला, साहेब, लाइट कशाला घालवली." अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "दुपारचे बारा वाजले होते, श्रीरंगराव. व्हरांड्यात डोळे दिपतील एवढं ऊन होतं."

पद्मिनी समोरच्या खुर्चीवरून उठली आणि अण्णांच्या पलीकडे येऊन बसली.

"तुझी आई गेली तेव्हा ठरवलं होतं," ते तिला म्हणाले, "आता कुणासाठी असल्या बाकावर बसायचं नाही. माझ्याच्याने होणार नाही."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. जानेवारीपासून ती दोघं वेगवेगळी रडत होती, एक सिंकपाशी, एक डेकवर. आता एकत्र रडली. माझ्यामुळे हे घडलं असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण त्या क्षणी माझ्यामुळे काय काय घडलं होतं त्याची यादी फार मोठी होती.

थोड्या वेळाने पद्मिनीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "एकच सांग. माझ्याशी खोटं का बोललास?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर तरुण होती आणि बुचकळ्यात पडली होती. दोघांच्याही रक्तात अल्कोहोल सापडलं नव्हतं. थोडं नाही, अजिबात नाही. एका टेस्टचा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता, पण विषबाधेत जे आकडे बिघडतात ते सगळे जागेवर होते. तिने दोनदा विचारलं की दुसरं काही प्यायलात का. मग डोळे तपासायला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. कृष्णाला वरचं सर्वांत मोठं अक्षर दिसलं. मला ते आणि त्याखालचं एक दिसलं, आणि त्यातही मी अंदाज केला होता. डॉक्टरने मान हलवली आणि डोळ्यांच्या तज्ज्ञाला फोन लावायला वळली.

अण्णा दाराशी खुर्चीवर बसले होते. ते मघापासून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. माणसाकडे असं बघायची त्यांना जुनी सवय असावी.

"श्रीरंगराव," ते म्हणाले, "चष्मा काढा."

मी काढला. त्यांनी तो घेतला, उजेडासमोर धरला. मग कृष्णापुढे हात केला, त्याचाही घेतला. दोन्ही शेजारी धरून पाहिले. दोन्ही काळे, चौकोनी, एकाच होलसेलच्या दुकानात एकाच शनिवारी घेतलेले, कारण दुसऱ्या चष्म्यावर सूट होती. मग त्यांनी हातांची अदलाबदल केली आणि ज्याचा त्याला परत दिला.

मी चष्मा लावला. तक्त्याची शेवटची ओळ, तिच्याखालचं छापखान्याचं नाव, डॉक्टरच्या कोटावरचा डाग, सगळं लख्ख दिसलं. पद्मिनीचा चेहराही दिसला, आणि तो अजून थोडा वेळ पुसट राहिला असता तर बरं झालं असतं. कृष्णाचा नंबर माझ्या तिप्पट आहे. आदल्या दुपारी वाफेत काढलेले चष्मे आम्ही उलटेसुलटे उचलले होते, आणि अठरा तास आम्ही एकमेकांच्या नजरेने जग बघत होतो.

कृष्णा तिथेच रडला. डॉक्टर फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. आणि अण्णांच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. पद्मिनी त्यांच्याकडे बघत राहिली. आमच्याकडे तिने पाहिलंच नाही.

उरलेला रिपोर्ट चांगला आल्याचा फोन आम्हाला घरी पोचल्यावर आला. मला वाटलं प्रकरण मिटलं. पण चहा झाल्यावर अण्णांनी प्रिंटरचे चार कागद आणि पेन मागितलं. शाल काढून ठेवली, शर्टाची बटणं लावली, आणि गॅरेज दाखवा म्हणाले.

त्यांनी पंचनामा केला. पंच म्हणून अनिका आणि कृष्णा. (कृष्णा खरं तर सहआरोपी, पण पंचांची टंचाई असली की खात्यात कधीकधी चालवून घ्यायचे, असं अण्णा म्हणाले.) भांड्याचं वर्णन लिहिलं, पिंपाची उंची टेपने मोजली. अनिका प्रत्येक पायरीला विचारायची, धिस इज फॉर द कोर्ट? आणि ते तिला मराठीत सविस्तर समजावायचे, मध्येच जुन्या धाडींच्या गोष्टी सांगायचे. दीड तास बोलले. वाटलं, यांच्या छातीत एवढं सगळं होतं आणि आम्ही त्यांना फक्त जेवायला काय करू एवढंच विचारत होतो.

पिंपाचं झाकण काढून त्यांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. यीस्ट घातलं तेव्हा पाणी किती गरम होतं, विचारलं. मी वही उघडून दाखवली. उकळल्यानंतर सात मिनिटांनी, माझी सही, तपासलं, माझी सही.

"आमच्याकडे एक बाई होती," अण्णा म्हणाले, "तीनदा पकडली मी तिला. अंगठा उठवायची, सही येत नव्हती. पण आधी कोपर बुडवून बघायची. तुम्ही ते यीस्ट शिजवलंत, श्रीरंगराव. हे रसायन कधी आंबलंच नाही."

मग बाटलीतलं चमचाभर एका बशीत ओतलं आणि काडी ओढून जवळ नेली. चुर्र झालं आणि काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. आम्ही ज्यात धूर, ओली माती आणि लिंबाची साल ओळखली होती, ते बॉथेल नगरपालिकेचं पाणी होतं, एकदा उकळून थंड केलेलं.

पिंप मी स्वतः लॉनवर ओतलं. भांड्याची मान अण्णांनी माझ्याकडूनच काढून घेतली आणि सुटे तुकडे मोडीत द्यायला एका खोक्यात घालायला लावले. मग आम्ही सगळे किचनच्या टेबलाशी बसलो आणि त्यांनी पंचनामा मोठ्याने वाचला. अनिकासाठी पद्मिनी इंग्रजीत सांगत होती. मी त्यात कुठेच जावई नव्हतो, सदर इसम होतो. जप्त द्रव जाळून पाहता पेट घेत नाही. पिण्यास हरकत नाही. आणि शेवटी, त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात, एक ओळ: 'आरोपीस दारू गाळता येत नाही, सबब समज देऊन सोडण्यात येत आहे.'

पंचांच्या सह्या झाल्या. मग कागद माझ्याकडे सरकवून अण्णांनी पेनाने जागा दाखवली. तिथे मी लिहिलं, 'वाचून पाहिले, मजकूर बरोबर आहे,' आणि खाली सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत मी तपासलेला तो पहिला कागद होता, ज्यात मला एकही चूक सापडली नाही.